नवीन घर पूर्ण विजेवर: सवलत कुठे मिळते, किती मिळते आणि नकाशात आधी काय काढायचं?

दिवाळीनंतर धान निघालं, हाती चार पैसे आले की वडसा-देसाईगंजमध्ये घरबांधणीचा मोसम सुरू होतो. कुणी जुनं मातीचं घर पाडून स्लॅब टाकतं, कुणी पहिल्या मजल्यावर मुलासाठी दोन खोल्या काढतं, कुणी खाली दुकान आणि वर घर असा बेत करतं. विटा, सिमेंट, सळाख यांचा हिशोब प्रत्येक घरात बारकाईने होतो. पण घर चालणार कशावर, म्हणजे चूल, पाणी तापवणं, पंखा, कूलर आणि मोटर यांना ताकद कुठून येणार, हा प्रश्न शेवटी इलेक्ट्रिशियनवर सोडला जातो. तोपर्यंत भिंतींना प्लास्टर झालेलं असतं आणि छतावर पाण्याची टाकी भलत्याच जागी बसलेली असते.

आता या प्रश्नाला पैशाची बाजूही आली आहे. घर विजेवर आणि छतावरच्या सूर्यप्रकाशावर चालावं म्हणून सरकार आणि काही शहरं सवलती देत आहेत. त्यातल्या बऱ्याच सवलती आपल्या घरांनाही लागू आहेत. त्या नेमक्या काय आहेत, आणि आपल्यासारख्या गावात त्यांचा खरा उपयोग किती, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

पूर्ण विजेवरचं घर म्हणजे काय?

ज्या इमारतीत काहीच जाळलं जात नाही ती पूर्ण विजेवरची इमारत. स्वयंपाक इंडक्शनवर, अंघोळीचं पाणी गिझर किंवा सोलर हीटरवर, बाकी पंखे-दिवे नेहमीप्रमाणे. ना सिलिंडर, ना सरपण, ना डिझेलचं जनरेटर. ही कल्पना आपल्याला फार परकी नाही. वडसा स्टेशनातून जाणाऱ्या गाड्या डिझेल सोडून विजेवर आल्याच आहेत. तोच बदल घरात करायचा, एवढंच.

अमेरिकेत यावर मोठा वाद झाला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने जुलै २०१९ मध्ये नवीन इमारतींना गॅसची पाइपलाइन द्यायचीच नाही असा नियम केला. हॉटेलवाल्यांची संघटना कोर्टात गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये अपील कोर्टाने तो नियम चालणार नाही असा निकाल दिला. पुढच्या वर्षी शहराने नियम मागे घेतला. न्यूयॉर्क शहराने २०२१ मध्ये वेगळ्या पद्धतीने कायदा केला. तिथे नवीन इमारतींत इंधन जाळण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी येत आहे. कॅलिफोर्निया राज्याने दुसरा रस्ताही धरला. गरिबांसाठी पूर्ण विजेवरची घरं बांधणाऱ्यांना ते राज्य थेट पैशाची आणि डिझाइनची मदत देतं. या सगळ्यातून एक गोष्ट कळते. बंदी कोर्टात अडकू शकते, पण सवलत लोक स्वतःहून घेतात.

महाराष्ट्रातल्या शहरांत काय आहे?

आपल्याकडे ‘पूर्ण विजेवरची इमारत’ या नावाने वेगळी सवलत नाही. पण तिचे तुकडे वेगवेगळ्या नियमांत आहेत.

पहिला तुकडा बांधकाम नियमांत आहे. राज्य सरकारने २ डिसेंबर २०२० रोजी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. आर्किटेक्ट मंडळी तिला यूडीसीपीआर म्हणतात. मुंबईसारखे काही भाग सोडले तर ती बहुतेक सगळ्या महापालिका आणि नगरपरिषदांना लागू आहे, म्हणजे आपल्या देसाईगंज नगरपरिषदेलाही. या नियमावलीत हरित इमारतीला जादा एफएसआय आहे, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी. गृहा संस्थेचे ३ स्टार किंवा आयजीबीसीचं सिल्व्हर मानांकन मिळालं तर मूळ एफएसआयवर ३ टक्के, ४ स्टार किंवा गोल्डला ५ टक्के, ५ स्टार किंवा प्लॅटिनमला ७ टक्के.

आकड्यात बघू. प्लॉट १००० चौरस मीटर आणि मूळ एफएसआय १.१० धरला तर ११०० चौरस मीटर बांधता येतं. ३ टक्क्यांनी ३३ चौरस मीटर वाढतं, ७ टक्क्यांनी ७७. म्हणजे सगळ्यात वरचं मानांकन मिळालं तर एक चांगला फ्लॅट जास्तीचा. बिल्डरसाठी ही रक्कम मोठी आहे. पण त्यासाठी नकाशा मंजुरीच्या वेळीच प्राथमिक मानांकन घ्यावं लागतं, आणि बांधून झाल्यावर कबूल केलेला दर्जा निघाला नाही तर दंड बसतो.

आपलं घर ८० किंवा १०० चौरस मीटरच्या प्लॉटवर असेल तर ३ टक्के म्हणजे जेमतेम एक बाथरूम. त्यासाठी मानांकनाचा खर्च कुणी करणार नाही. त्यामुळे ही सवलत वडशात कोण घेऊ शकतो? मेन रोडवर कॉम्प्लेक्स बांधणारा, अपार्टमेंट काढणारा, मंगल कार्यालय, शाळा किंवा वसतिगृह उभारणारी संस्था. आपल्या समाजातल्या एखाद्या ट्रस्टचं असं बांधकाम निघणार असेल तर आर्किटेक्टला हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारावा. २५०० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी ‘स्वगृहा’ नावाचं सोपं मानांकनही आहे. एफएसआयची सवलत त्यावर मिळेल का, हे नगरपरिषदेकडून लेखी विचारून घ्यावं.

दुसरा तुकडा मालमत्ता करात आहे. पुणे महापालिका सोलर, गांडूळखत आणि पावसाच्या पाण्याची साठवण यांपैकी एक सोय असलेल्या घराला सर्वसाधारण करात ५ टक्के सूट देते, दोन किंवा जास्त सोयी असतील तर १० टक्के. पिंपरी-चिंचवडनेही गृहा मानांकन असलेल्या इमारतींना सवलती दिल्या आहेत. ही सूट लहान असली तरी दरवर्षी मिळते आणि तिच्यासाठी मोठा प्लॉट लागत नाही. आपल्या कामाचं मॉडेल हे आहे. त्याबद्दल शेवटी बोलू.

लहान घरासाठी खरी मदत छतावर आहे

सामान्य कुटुंबाला आज जी ठोस मदत मिळते ती सोलरच्या अनुदानातून.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या २ किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात. जास्तीत जास्त ७८,०००. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाडी चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये आहेत. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, म्हणून घराचं काम काढणाऱ्यांनी हा विषय पुढच्या साली बघू म्हणून सोडू नये.

राज्य सरकारने २०२५ मध्ये यावर ‘स्मार्ट’ नावाची जोड दिली. पूर्ण नाव स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना. ही दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १ किलोवॉटसाठी केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १७,५०० मिळतात. एका किलोवॉटचा खर्च ५०,००० धरला तर घरचे फक्त २,५०० लागतात. १०० युनिटच्या आतल्या सर्वसाधारण गटाला राज्याकडून १०,००० आणि अनुसूचित जाती-जमातींना १५,००० आहेत.

कुरखेडा, आरमोरी, कोरची भागातल्या खेड्यांत ज्यांचं घरकुल मंजूर आहे त्यांच्यासाठी वेगळी बाब आहे. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याने प्रत्येक घरकुलामागे ५०,००० रुपये वाढवले. त्यातले ३५,००० बांधकामाला आणि १५,००० छतावरच्या १ किलोवॉटपर्यंतच्या सोलरसाठी आहेत. ग्रामसेवकाला विचारा, माहिती घ्या, सोडू नका.

आता घरचा हिशोब

मुलांना शाळेत शाब्दिक गणितं देतो, तसंच हे सोडवू.

१४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी ऊर्जा असते. पण गॅसची बरीच उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते. इंडक्शनमध्ये ती थेट भांड्याच्या बुडात तयार होते. म्हणून एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर साधारण १२५ युनिटमध्ये होतो. सिलिंडरच्या किमतीला १२५ ने भागा. ९०० चा सिलिंडर असेल तर उत्तर येतं ७ रुपये २० पैसे. वीज युनिटला याहून स्वस्त पडली तर इंडक्शन फायद्याचं, महाग पडली तर गॅस फायद्याचा.

गोम इथेच आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं स्वस्त आणि त्यापुढचा दर दुपटीच्या आसपास जातो. घरात आधीच १०० युनिट जळत असतील आणि त्यावर इंडक्शनची १२५ चढवली, तर ती सगळी महागड्या टप्प्यात पडतात. म्हणून सोलर न लावता नुसती शेगडी बदलली तर बिल बघून दुसऱ्याच महिन्यात ती माळ्यावर जाईल. शेजारच्या घरी असं झालं असेल तर दोष इंडक्शनचा नाही, अर्धवट हिशोबाचा आहे.

सोलर धरून बघू. १ किलोवॉटच्या पॅनलमधून दिवसाला सरासरी ४ युनिट, महिन्याला सुमारे १२० युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. घराचा नेहमीचा वापर १२० युनिट आणि स्वयंपाकाची १२५, मिळून २४५. म्हणजे २ किलोवॉट जवळपास पुरतं. किलोवॉटला ६०,००० खर्च धरला तर १,२०,००० होतात, अनुदान ६०,००० परत येतं, घरचे ६०,००० राहतात. समजा महिन्याला सिलिंडरचे ९०० आणि बिलातले ८०० वाचले, तर १७०० रुपये. ६०,००० भागिले १७००, म्हणजे सुमारे ३५ महिने. तीन वर्षांत पैसे वसूल, आणि पॅनल २५ वर्षांच्या हिशोबाने बनवलेलं असतं. तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच.

दिवसा तयार झालेली जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते आणि रात्री वापरलेल्या युनिटमधून वजा होते. याला नेट मीटरिंग म्हणतात. म्हणून सहरीचा स्वयंपाक अंधारात झाला तरी त्याची युनिटं दुपारच्या उन्हातून फिटतात.

पैसा आधी कुठून आणायचा?

अनुदान पॅनल बसवून, तपासणी होऊन, मीटर सुरू झाल्यावर बँक खात्यात येतं. म्हणजे सुरुवातीला पूर्ण रक्कम उभी करावी लागते. सरकारी बँका यासाठी ७ टक्क्यांच्या आसपास व्याजाने कर्ज देतात. आपल्या अनेक घरांत व्याजाचं कर्ज घेत नाहीत आणि म्हणून ही योजना आपल्यासाठी नाही असं समजून विषय बंद होतो. हे खरं नाही. अनुदानासाठी कर्ज घेणं बंधनकारक नाही. रोख बसवलं तरी अनुदान तेवढंच.

रस्ते काही आहेत. एकदम ३ किलोवॉट न लावता १ किलोवॉटने सुरुवात करा. अनुदान येईपर्यंतचे दोन-चार महिने नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घ्या, रक्कम परत येणार हे आधीच ठरलेलं असल्याने देणाऱ्यालाही भरोसा असतो. काही विक्रेते अनुदानाची रक्कम सोडून बाकी घेतात, पण तसं असेल तर करार लेखी घ्या आणि त्यात व्याज लपलेलं नाही ना ते बघा. त्यापुढचा शरई प्रश्न आपापल्या आलिमांना विचारावा.

आर्किटेक्ट आणि मिस्त्रीला आजच काय सांगायचं?

घर बांधताना केलेली सोय स्वस्त पडते, नंतर भिंत फोडून केलेली महाग. म्हणून ही यादी नकाशाबरोबर ठेवा.

१. छताचा दक्षिणेकडचा भाग मोकळा ठेवा. १ किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट लागतं. टाकी आणि जिन्याची खोली उत्तरेला घ्या, नाहीतर त्यांची सावली पॅनलवर पडते.

२. छतापासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप भिंतीत टाकून ठेवा. सोलर दोन वर्षांनी लावायचं असलं तरी.

३. ओट्यावर दोन १६ अँपिअरचे पॉइंट द्या, प्रत्येकाला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी. इंडक्शन २ किलोवॉट ओढतं. मिक्सरच्या पॉइंटवर ते चालवलं तर तार तापते.

४. गिझर आणि एसीलाही स्वतंत्र लाइन. स्वयंपाक, गिझर आणि मोटर एका वेळी चालले तर ५ किलोवॉटच्या घरात भार जातो. नवीन मीटरचा अर्ज करतानाच मंजूर भार तेवढा मागा.

५. अर्थिंग पक्कं करा आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवा. शॉक लागला तर ते क्षणात वीज तोडतं. लहान मुलं असलेल्या घरात यावर पैसे वाचवू नयेत.

६. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन कमी पडेल असा सज्जा आणि छतावर पांढरा उष्णतारोधक लेप घ्या. नदीपलीकडच्या ब्रह्मपुरीचं नाव दर उन्हाळ्यात सर्वाधिक तापमानाच्या यादीत असतं, आपलंही ऊन तेच. घर थंड राहिलं तर कूलर-एसीची वीज वाचते.

कागदांत एक गोष्ट वारंवार अडते. अनेक घरांत वीज बिल अजून मरहूम दादांच्या नावावर असतं. अनुदान ग्राहकाच्या नावाने मिळतं, म्हणून आधी महावितरणकडे नावबदल करून घ्या. काम सरकारी पोर्टलवर नोंद असलेल्या विक्रेत्याकडूनच करा, पॅनल देशी बनावटीचं आहे हे बिलावर लिहून घ्या आणि पाच वर्षांची देखभाल करारात मागा. ‘सगळं फुकट करून देतो, ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला दारातूनच सलाम करा.

अडचणीही समजून घ्या

पहिली अडचण वीज जाण्याची. वादळ आलं, झाड पडलं की आपल्याकडे लाइन जाते. नेट मीटरिंगचं साधं सोलर लाइन गेली की आपोआप बंद पडतं, भर उन्हातही. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ते तसं बनवलेलं असतं. त्या वेळी वीज हवी असेल तर बॅटरीवालं हायब्रिड इन्व्हर्टर लागतं आणि त्याचा खर्च वेगळा. म्हणून आज तरी एक सिलिंडर घरात राहू द्या. नव्वद टक्के स्वयंपाक विजेवर आणि दहा टक्के गॅसवर झाला तरी फायदा बराचसा मिळतो.

दुसरी अडचण भांड्यांची. इंडक्शनवर ॲल्युमिनियमची डेगची चालत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघा, चिकटला तर चालेल. लग्नाच्या बिर्याणीची देग अर्थातच यात येत नाही.

तिसरी गोष्ट विजेच्या उगमाची. आपल्या शेजारच्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि ते कोळशावर चालतं. त्याची राख आणि धूर चंद्रपूरकर रोज सोसतात. नुसती शेगडी विजेची केली तर आपला धूर त्यांच्या अंगणात जातो. छतावर पॅनल असेल तरच हिशोब पूर्ण होतो.

आणि सरपणाची गोष्ट. शहरात सिलिंडर आहे, पण सिलिंडर महागला की आजूबाजूच्या गावांत आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत चूल पुन्हा पेटते. लाकडासाठी जंगलात जाणं आपल्या भागात जिवावरचं काम आहे. वडसा वनक्षेत्रात ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडलेल्या सीटी-१ वाघाच्या नावावर १३ जणांचे मृत्यू होते. असे हल्ले सरपण, मोहफूल, तेंदूपत्ता आणायला किंवा गुरं चारायला जंगलात गेलेल्या माणसांवर होतात. ज्या घरात विजेवर दोन वेळचं शिजतं, त्या घरातल्या बाईची जंगलातली एक फेरी तरी कमी होते. तिच्या डोळ्यांतला आणि छातीतला धूरही कमी होतो.

नगरपरिषदेकडे काय मागायचं?

आपल्या शहराने स्वतः काय करावं, हेही आपण बोललं पाहिजे. राज्यात २ ऑक्टोबर २०२० पासून माझी वसुंधरा अभियान चालू आहे. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर नगरपरिषदांना गुण मिळतात. ऊर्जेची कामं अग्नी तत्त्वात मोजली जातात. म्हणजे घरोघरी सोलर वाढला तर गुण शहरालाच.

मागणी साधी आहे. पुण्यासारखी मालमत्ता करात थोडी सूट सोलर आणि पाणी साठवण असलेल्या घरांना द्यावी. बांधकाम परवानगीच्या अर्जाबरोबर सोलरची जागा आणि स्वतंत्र वायरिंग यांची एक पानाची मराठी माहिती मिळावी. परवानगी विभागात आठवड्यातून एक दिवस सूर्यघर योजनेचा मदतकक्ष बसावा, महावितरणच्या माणसासह. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीला फारसा पैसा लागत नाही. वॉर्डातल्या पाच-पंचवीस घरांनी सह्या करून लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि आपल्या नगरसेवकाला तो सभेत मांडायला सांगितला, तर विषय नोंदीवर येतो.

ज्यांचं काम या मोसमात निघणार आहे त्यांनी अर्जाची वाट बघत बसू नये. मागच्या बारा महिन्यांची वीज बिलं काढा, वर्षाला किती सिलिंडर लागले ते लिहा आणि वरचं गणित आपल्या आकड्यांनी एकदा घरात बसून सोडवा. हे काम आठवी-नववीतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्या, त्यांना येतं. मग तो कागद घेऊन आर्किटेक्टकडे जा. स्लॅब पडण्याआधी.